'युद्ध नको' म्हणणारं पान आणि ताईचा फोन

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असा तपशील गाळून, थोडक्यात):

मी ३१ वर्षांचा, सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात वेबसाइट, ऑर्डरी आणि बिलिंग बघतो. कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण नाही, करत करत शिकलो. मे २०२५मध्ये पहलगामनंतर दोन्ही बाजूंनी मारा सुरू झाला, तेव्हा एका रात्रीत 'युद्ध नको' म्हणणारं मराठी पान तयार केलं. सही करायला एक फॉर्मही ठेवला. जागा दुसरी नव्हती म्हणून कारखान्याच्याच होस्टिंगवर एक फोल्डर करून टाकलं. आमचे दाजी फौजेत आहेत. त्यांचं नाव, ते कुठं आहेत, ताई कसे दिवस काढतेय, हे सगळं मी पोटतिडकीनं लिहिलं होतं. काही जणांनी सह्या केल्या. मग कुणीतरी शाळेच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. 'काय बे, तिकडंच जा की राहायला' इथून सुरू झालं ते घाणेरड्या शिव्यांपर्यंत गेलं. त्याच दुपारी ताईचा फोन आला. रडत होती. 'आधी काढ ते. त्यांचं नाव कशाला घातलंस?' एवढंच म्हणाली. मी पान उतरवलं. ताई आता बोलते, पण तो विषय काढत नाही. तिला माझी लाज वाटली, हे मला सलतं. तेव्हापासून युद्धाची बातमी कुठलीही असो, युक्रेनची, गाझाची, मी रात्री ते फोल्डर उघडतो. रंग बदलतो, फाँट बदलतो, मेनू वरचा खाली करतो आणि काही न टाकता बंद करतो. माणसं मरतायत आणि मी बटणाचे कोपरे गोल करत बसलोय. त्या दिवसांतही मी रोज कामावर गेलो, मित्राच्या हळदीला पोटभर जेवलो. पान परत टाकू का? की हे नुसतं माझ्या मनाचं समाधान आहे आणि सोडून द्यावं?

उत्तर:

तुम्ही विचारलंय पानाबद्दल, पण मला आधी ताईबद्दल बोलायचंय. तो गुंता तसाच ठेवून पान टाकलंत, तर पहिल्या शिवीला तुम्ही ते पुन्हा उतरवाल.

ताईला तुमची लाज वाटली, असं तुम्ही ठरवून टाकलंय. तिचे शब्द मात्र तुम्हीच लिहून पाठवलेत आणि मी ते पुन्हा पुन्हा वाचले. युद्ध हवं, असं ती म्हणालेली नाही. शांततेबद्दल ती अवाक्षर बोललेली नाही. तिचा आक्षेप एका नावाला होता आणि त्या नावाशेजारी तुम्ही ठिकाण लिहिलं होतं. मला पाठवलेल्या पत्रातही ते ठिकाण होतं. इथं मी ते काढून टाकलंय. फौजेतल्या माणसाच्या घरात बायकापोरांना पहिल्यापासून बजावलेलं असतं, की युनिट, जागा, सुट्टीची तारीख यातलं काही बाहेर बोलायचं नाही. २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयानं वृत्तवाहिन्यांनासुद्धा सूचना काढली होती की लष्करी कारवाई आणि सैन्याची हालचाल थेट दाखवू नका. अशा वेळी नवऱ्याचा फोन लागतोय, न लागतोय, आणि सख्ख्या भावानं लिहिलेल्या मजकुरात त्यांचं नाव-ठिकाण अनोळखी माणसांच्या मोबाइलवर फिरतंय. तिच्या जागी मी असते तर माझेही हातपाय गळाले असते. त्या रडण्यात मला लाज कुठं सापडत नाही. भीती दिसते.

तेव्हा पहिलं काम वेबचंच आहे आणि ते आजच करा. पान उतरवलं म्हणजे ते सगळीकडून गेलं असं नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तुमच्या पानाचा पत्ता टाकून बघा. जुनी प्रत सापडली तर साइट ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याकडून ती काढण्याची विनंती पाठवता येते. गूगलमध्ये दाजींचं नाव टाकून बघा. शाळेच्या ग्रुपवर तो स्क्रीनशॉट अजून पडून असेल, तर ॲडमिनला गाठून सांगा, की शिव्या राहू देत, पण ते चित्र काढ, त्यात एका जवानाचं ठिकाण आहे. शिव्या देणारेही एवढं ऐकतील, असं मला वाटतं.

मग ताईकडे जा. फोनवर नको. नाव आणि ठिकाण घातल्याबद्दल मनापासून माफी मागा आणि काय काय पुसून काढलंत तेही सांगा. मत मांडल्याबद्दल माफी मागायची गरज नाही आणि ते मत तिच्या गळी उतरवायचीही गरज नाही. तिला एक विचारा: १० मेच्या संध्याकाळी, गोळीबार थांबवायचं ठरलं अशी बातमी आली तेव्हा तुला काय वाटलं? आणि गप्प बसून ऐका. फौजेतलं घर एका बाजूला आणि शांतता मागणारा भाऊ दुसऱ्या बाजूला, ही मांडणी त्या ग्रुपनं केलेली आहे. तुम्ही ती नकळत स्वीकारलीत. ज्या घरातला माणूस पुढं उभा असतो, त्या घराइतकी शांततेची आस दुसऱ्या कुणाला असणार?

हळदीच्या जेवणाबद्दल मी फार बोलणार नाही. त्या आठवड्यात सोलापुरातले यंत्रमाग चालू होते. पूर्व भागातल्या बायका वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यावर जात होत्या. काम थांबवून शोक पाळणं ज्यांच्या गाठीला शिल्लक असते त्यांनाच परवडतं. तुम्ही कामावर गेला नसता तर सीमेवरची एक तोफही थांबली नसती, तुमच्या घरची चूल मात्र अडली असती. उलट, त्या दिवसांत घसरत होतं ते हेच रोजचं जगणं. दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार, हा मेसेज आठवतोय? तो खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं तेव्हाच सांगितलं. इंधनाचा साठा भरपूर आहे, घाबरून गर्दी करू नका, असं इंडियन ऑइलला ९ मेला जाहीर करावं लागलं. अशा अफवेचा पहिला तडाखा रोजंदारीवाल्याला बसतो. हातातला दिवस टाकून तो रांगेत उभा राहतो. तुम्हाला ज्या साध्या जगण्याची शरम वाटते, ते सांभाळणं हे युद्धाच्या काळातलं मोठं काम आहे, आणि तुमच्या पानाला विषय तिथूनच मिळेल असं मला वाटतं.

आता पानाकडे येते. तुम्ही लिहिलंत त्यावरून दिसतं की तीन गोष्टी एकाच जागी कालवल्या गेल्या होत्या: तुमचं मत, दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आणि लोकांच्या सह्या. दुसऱ्याची गोष्ट त्याला न विचारता लिहायची नाही, एवढं आता स्पष्ट झालं. सह्यांबद्दल मला जास्त बोलायचंय. त्या सह्या कुणाला द्यायच्या होत्या? जिल्हाधिकाऱ्यांना, खासदारांना, राष्ट्रपतींना? निवेदन कुणाच्या नावे हे ठरलेलं नसेल, तर सह्यांची यादी म्हणजे नुसती नावं आणि फोन नंबर, आणि तापलेल्या वातावरणात ती कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. ज्यांनी सही केली त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकला. पान गेलं, पण ती शीट कुठंतरी आहेच ना? त्या प्रत्येकाला दोन ओळी लिहून कळवा, की पान उतरवलंय, तुमचा नंबर मी पुसतोय. आणि खरंच पुसा. पुन्हा सह्या घ्यायच्या झाल्या, तर आधी निवेदन लिहा, कुणाला आणि कधी देणार ते वर लिहा, आणि कागदावर, समोरासमोर घ्या. चार हुतात्मा पुतळ्यापाशी उभं राहून दहा माणसांशी बोललात तरी त्या फॉर्मपेक्षा जास्त कळेल.

मत जरूर लिहा. स्वतःच्या नावानं लिहा आणि थोडक्यात लिहा. पण त्याची सुरुवात २२ एप्रिलला पहलगाममध्ये मारल्या गेलेल्या २६ माणसांपासून करा. त्यांतले सहा जण महाराष्ट्रातले होते. कुणी दरडावतं म्हणून हे करायचं नाही. त्या घरांचं दुःख खरं आहे आणि तुम्हालाही ते झालं होतं, म्हणून करायचं. पूँछमध्ये सीमेपलीकडून झालेल्या तोफमाऱ्यात आपली साधी माणसं, लेकरं गेली, तेही लिहा. आणि पलीकडं जे लेकरू गेलं त्याच्याबद्दलही लिहायची हिंमत ठेवा. मेलेल्यांत निवड करणारा मजकूर मला कुठल्याच बाजूचा वाचवत नाही.

भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकावरून तुम्ही असंख्य वेळा गेला असाल. द्वारकानाथ कोटणीस याच शहरात १९१०मध्ये जन्मले. १९३८मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते. तिथंच राहिले, आघाडीजवळच्या रुग्णालयांत जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, तिथंच वारले. तुमच्या पानाची त्यांच्या कामाशी बरोबरी मी करत नाही. ते शांततावादीही नव्हते. एका लढणाऱ्या सैन्यासोबत, चिनी कम्युनिस्टांच्या एट्थ रूट आर्मीसोबत, त्यांनी काम केलं. मला त्यांची आठवण आली ती एवढ्यासाठी, की युद्ध पेटल्यावर त्यांनी आपल्याला जे येतं ते काम उचललं आणि ते जखमी माणसासाठी केलं. तुम्हाला पान बनवता येतं. ते कुणाच्या उपयोगी पडेल, हा प्रश्न मेनू वर की खाली या प्रश्नाच्या आधी यायला हवा.

मला विचाराल तर तुमच्या आईच्या. फॉरवर्ड येतात तिला, आणि खरं काय ते मराठीत सांगणारं एका जागी काही नसतं. मे महिन्यात व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून फिरली, दुसऱ्या देशातले जुने स्फोट आपले म्हणून फिरले. एका वेळी एकच फॉरवर्ड घ्या. त्यात काय म्हटलंय, खरं काय निघालं, ते कुठून कळलं, आणि कुठल्या तारखेपर्यंतची ही माहिती, एवढं लिहा. व्हिडिओ असेल तर त्यातलं एक चित्र थांबवून गूगल लेन्समध्ये टाका आणि ते सगळ्यात आधी कधी दिसलं होतं ते शोधा. पत्ता लागला नाही तर लिहू नका. आपल्या मताला सोयीचा म्हणून एखादा खोटा फॉरवर्ड सोडून दिलात, तर पानाचा विश्वास गेला समजा.

याच पानावर शांततेची अशी माहितीही देता येते जी घोषणेत मावत नाही. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला भारत आणि पाकिस्तान एकमेकांच्या तुरुंगातल्या नागरी कैद्यांच्या आणि मच्छिमारांच्या याद्या एकमेकांना देतात. २००८च्या करारानुसार हे चालतं, आणि मेमधल्या लढाईनंतर जेमतेम दोन महिन्यांत, १ जुलै २०२५लाही या याद्या दिल्या गेल्या. पलीकडच्या तुरुंगात आपल्या पालघरकडचे मच्छिमारही अडकलेले असतात. अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा दोन्ही देशांत १९८८मध्ये करार झाला आणि त्या केंद्रांची यादीही दर १ जानेवारीला दिली जाते. 'पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमोक्रसी' हा दोन्हीकडच्या नागरिकांचा मंच १९९४पासून आहे. ग्रुपवर शिव्या देणाऱ्यांतल्या किती जणांना यातलं काही माहीत असेल? बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि आपल्या शहरात मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं आहेत. कारखान्यातलाच कुणी चार ओळी तेलुगूत करून देणारा भेटला, तर त्याला जरूर घ्या.

आता तुमच्या त्या रात्रीच्या खटाटोपाबद्दल. त्यातला काही भाग टाळाटाळ आहे, असं मलाही वाटतं. काय लिहायचं ते ठरत नाही, म्हणून हात रंगाकडे वळतो. पण तेवढ्यानं सगळंच टाकाऊ ठरत नाही. बातम्यांनी डोकं भणभणलं की हाताला काम दिल्यावर मन थाऱ्यावर येतं; कुणी अशा वेळी शेंगा सोलत बसतं. फक्त त्या हाताला उपयोगाचं काम द्या. आईचा फोन घ्या, दुपारच्या उन्हात दारात उभे राहा आणि पान उघडा. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं ठेवली असतील तर तिला एक ओळ दिसणार नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवलं असेल तर देवनागरीची शिरोरेघ तुटते आणि शब्द सुटे सुटे दिसतात; ते अंतर शून्यावर आणा. दोन ओळींमधली जागा इंग्रजी मजकुराच्या हिशेबानं ठेवली तर खालचे उकार आणि वरच्या मात्रा एकमेकांत घुसतात, ती वाढवा. मजकूर युनिकोडमध्येच हवा, चित्र करून टाकू नका, म्हणजे डोळ्यांनी अधू माणसाचा फोन तो वाचून दाखवू शकेल. मोठे फोटो नकोत, बाहेरची स्क्रिप्ट नको, कॉमेंटची चौकट तर मुळीच नको. रेंज नसलेल्या गल्लीतही पान उघडलं पाहिजे. आणि चूक सापडली तर गुपचूप पुसू नका. काय चुकलं होतं ते तारखेसह तिथंच लिहा.

कायद्याचंही बघावं लागेल. संविधानाच्या १९व्या कलमानं बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय, आणि देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था या कारणांनी त्यावर वाजवी बंधनंही ठेवलीत. भारतीय न्याय संहितेतली १५२, १९६ आणि ३५३ ही कलमं वाचून ठेवा: पहिलं देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता धोक्यात आणण्याबद्दल, दुसरं समाजात वैर पसरवण्याबद्दल, तिसरं खोटी माहिती आणि अफवांबद्दल. युद्ध नको म्हणणं हा गुन्हा नाही. पण गरम वातावरणात तक्रार कुणीही करू शकतो आणि पोलीस ठाण्याची पायरी तुम्हाला चढावी लागू शकते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. मे १९३०मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला तेव्हा गांधी टोपी घालणंसुद्धा महागात पडत होतं. आज तशी स्थिती नाही, तरी ओळखीच्या एखाद्या वकिलाला पान आधी दाखवा. सैन्याच्या हालचालीचा, ठिकाणाचा, जवानाच्या घरच्यांचा एक शब्दही त्यात नको. रात्री लिहिलेलं रात्री टाकू नका. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसानं वाचल्याशिवाय काही वर जाऊ देऊ नका. यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर असंच काही करणाऱ्या इतर वाचकांनाही माझं हेच सांगणं आहे. तिथं तर दहा मिनिटांत केलेली पोस्ट दहा वर्षं मागं लागते.

न टाकण्याचा पर्यायही खुला आहे आणि त्यात पळपुटेपणा मुळीच नाही. घरावर ताण येतोय, दाजी पुढच्या भागात आहेत, असं असेल तर थांबा. तुमच्या सोसायटीच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर खोट्या फॉरवर्डला शांतपणे उत्तर देणं हेही काम आहे, आणि त्याला पान लागत नाही. ते फोल्डर मात्र रात्री उघडून बसणं बंद करा. रविवारी सकाळचा एक तास त्याला द्या, बाकीच्या रात्री झोपा.

माझं स्वतःचं मत मात्र पान टाकावं असं आहे. दाजींच्या गोष्टीशिवाय, सह्यांशिवाय, आणि युद्धाची बातमी नसलेल्या साध्या आठवड्यात, म्हणजे कुणाला आक्षेप असेल तर तो धड शब्दांत घेता येईल. कारखान्याच्या होस्टिंगवर मात्र अजिबात नको. तिथून परदेशी गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी येतात, त्यावर किती घरं चालतात ते बिलं करणाऱ्या तुम्हाला मी काय सांगू? स्वतःचं डोमेन घ्या, खर्च तुम्हाला झेपेल इतकाच आहे. नोंदणीत घरचा पत्ता आणि नंबर उघडा दिसत नाही ना तपासा, पासवर्ड वेगळा ठेवा, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. मे महिन्यात ते पान त्यांच्या सर्व्हरवर होतं, हे मालकांना बहुधा माहीत नसेल. बाहेरून कळायच्या आधी तुम्हीच त्यांना सांगा. जुनं फोल्डर त्या सर्व्हरवरून काढा, आणि बॅकअपमधूनही.